वाघ सोडून बदकं

जयपूरला माझी आतेबहीण राहते, मालवीय नगरात. तिच्या गच्चीवरून झालानाच्या टेकड्या दिसतात आणि त्या टेकड्यांत बिबटे आहेत. भर शहरात. त्यामुळे या घरात जंगल हा चहाबरोबर बोलायचा विषय. फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा होता. सकाळी स्वेटर, दुपारी पंखा. माझ्याकडे एकच दिवस मोकळा होता आणि तो कुठे घालवायचा यावर तिघांची तीन मतं.

भावोजी रणथंभोरचे. “राजस्थानात येऊन वाघ नाही बघितला, तर पुण्यात जाऊन सांगणार काय?” जिप्सीच्या जागा कधीच्याच भरल्या होत्या. उरली होती कँटरमधली एक, वीस जणांच्या उघड्या गाडीतली. ताडोब्याला मी हे केलंय. वाघ आला की सगळे मोबाइल वर जातात आणि आपल्याला दिसतो तो पुढच्याच्या मोबाइलमधला वाघ. ताईचं म्हणणं सरिस्का, कारण संध्याकाळी जेवायला घरी येता येईल. तिथले वाघ चोरट्या शिकारीत असे संपले की 2005मध्ये एकही उरला नसल्याचं उघड झालं. मग 2008मध्ये रणथंभोरहून हेलिकॉप्टरने नवे आणून सोडले.

मी भरतपूर म्हटलं. तिथे पायी हिंडता येतं, आणि मार्च उजाडला की पाहुणे पक्षी निघतात. वाघ उन्हाळ्यात पाणवठ्यावर उलट जास्त दिसतो; बदकं तोवर हिमालयापार गेलेली असतात. जे पळणार ते आधी गाठायचं, इतका साधा हिशेब.

“बदकं बघायला एकशे ऐंशी किलोमीटर? भिगवणला नाहीत?” ताई म्हणाली.

“आहेत.”

“मग?”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पहाटे पाचला निघाले.

आग्रा रोडने दौसा गेलं, उजाडलं. सिकंदऱ्याला रस्त्याच्या दोन्ही अंगांना दगडी हत्ती, जाळ्या, कारंजी विकायला मांडलेली. पिवळ्याधमक मोहरीची आस लावून बसले होते, पण फुलं केव्हाच झडलेली. शेंगा भरून रोपं पिकायला लागली होती. फोटोतली मोहरी जानेवारीची असते हे तेव्हा कळलं.

भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकाशी सायकलरिक्षावाले उभे असतात, बरेचसे शीख. माझ्या वाट्याला साठीचे एक सरदारजी आले. हँडलला दुर्बीण टांगलेली, पक्ष्यांची इंग्रजी नावं तोंडपाठ, तीही पंजाबी ठेक्यात. मी मागे बसून मराठी नावं आठवत होते. शेपटीला टोक असलेला तो तलवार बदक, पसरट चोचीचा तो थापट्या. एका डबक्यात काळ्या कूटांचा थवा होता. म्हटलं, आमच्याकडे याला वारकरी म्हणतात, कपाळावरचा तो पांढरा टिळा बघा.

“वारकरी क्या होता है जी?”

“पैदल चलनेवाला भगत.”

“पर ये तो तैरता है,” म्हणून ते मनापासून हसले.

पुढे सारसांची जोडी. आपल्याकडे सारस बघायचा तर गोंदियाकडे भाताच्या शेतांत जावं लागतं. इथे तो रस्त्यापासून पन्नास पावलांवर माणसाच्या उंचीचा उभा. नराने मान वर करून साद घातली, मादीने लगेच त्यात सूर मिसळला. सरदारजींनी पेडल थांबवलं. याच पाण्यावर सायबेरियन क्रौंचही उतरायचे. 2002च्या हिवाळ्यानंतर कुणी आलं नाही. सरदारजींनी त्यांना पाहिलं होतं. “सफेद, एकदम सफेद,” एवढंच बोलून ते पुन्हा पेडल मारू लागले.

हे सगळं 29 चौरस किलोमीटर आणि त्यातलं पाणी माणसाने आणलेलं. मुळात हा खोलगट भाग. महाराजा सूरजमलच्या काळात अजान बांध झाला आणि इथे पाणी साचू लागलं. सूरजमल हे नाव वाचून मराठी माणूस थबकतोच. पानिपतावरून जीव घेऊन निघालेल्या आपल्या माणसांना अन्न, कपडे आणि आसरा दिला तो याच सूरजमलने. पुढे 1805च्या जानेवारी-फेब्रुवारीत यशवंतराव होळकर भरतपूरच्या किल्ल्यात असताना लॉर्ड लेकने चार वेळा हल्ला चढवला आणि चारही वेळा मार खाल्ला. मातीच्या तटात तोफगोळे रुतून बसत. म्हणजे ही लढाई मी दुर्बीण लावून बसले होते त्याच ऋतूतली.

आता पाण्याचीच ओढाताण आहे. वर पांचना धरण झालं तसं खाली येणारं पाणी आटलं. हल्ली गोवर्धन नाल्यातून आणि चंबळेकडून आणतात. म्हशींचंही असंच. 1982मध्ये राष्ट्रीय उद्यान होताच चराई बंद केली, गावकऱ्यांशी संघर्ष पेटला, गोळीबारात माणसं गेली. मग आपल्या मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या अभ्यासातून पुढे आलं की म्हशी नसल्याने गवत माजलंय आणि पाणथळ जागा बुजत चालल्यात. गावकरी वेगळं काय सांगत होते?

केवलादेवाच्या देवळाजवळ दगडी पाट्या आहेत. त्यावर तारीख, पाहुणा कोण, बंदुका किती, पक्षी किती, असा किराणा दुकानाच्या खातेवहीसारखा व्यवस्थित हिशेब. 12 नोव्हेंबर 1938, व्हाइसरॉय लिनलिथगो, पक्षी 4,273. एका दिवसाचे. मी बोट ठेवून आकडा परत वाचला. कोरीव काम सुबक आहे. आठाच्या वळणावरसुद्धा छिन्नी घसरलेली नाही. शेजारी शाळेची मुलं त्याच पाट्यांना टेकून पराठे खात होती.

ऊन कललं तसं मी वही काढली. चार हजार म्हणजे किती, हे एकदा मोजून बघावं म्हटलं. समोरच्या पाण्यावर पट्टकादंब होते, डोक्यावर दोन काळ्या पट्ट्यांचे, तिबेट-लडाखकडे निघायच्या तयारीतले. दहा-दहाचे गट धरून मोजत गेले. एकशे चाळीसपर्यंत आले तेव्हा कुठूनसा दलदली ससाणा खालून गेला आणि सगळे एकदम उठले.

“फिर से गिनोगे?” सरदारजींनी विचारलं.

फाटक बंद व्हायला अर्धा तास होता. ते परत उतरेपर्यंत थांबलो.