शेवटच्या बाकावरची दोन वर्षे

मराठी विषयातील एम. ए.च्या पदवीचे प्रमाणपत्र नुकतेच आमच्या हाती पडले. त्यावर पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाची मुद्रा आहे. आमचे वय मात्र कोठे छापलेले नाही, ही विद्यापीठाची कृपाच म्हणावयाची. पन्नाशी ओलांडल्यावर ही उठाठेव कशासाठी, असे धर्मग्रामातील अनेकांनी विचारले. एका आजींना तर, 'फादर, आता तुमची बदली कॉलेजात होणार की काय?' अशी काळजी लागली होती.

वाचकहो, कारण साधे होते. आमचे सारे शिक्षण सेमिनरीत झाले. पुण्यात तत्त्वज्ञान व ईशज्ञान शिकलो ते इंग्रजीतून. ग्रंथ इंग्रजी, परीक्षा इंग्रजी आणि पुढे पुढे विचारही इंग्रजी. दर रविवारी मिस्सामध्ये प्रवचनासाठी आम्ही जे मराठी वापरत आलो, ते लहानपणी घरून आणलेले व वाटेत बरेचसे झिजलेले मराठी होते. त्याची रुखरुख कित्येक वर्षे मनात होती. शेवटी बिशप महोदयांची अनुमती घेऊन शहरातील एका महाविद्यालयात आम्ही रीतसर नाव घातले.

सोलापूरला स्वतःचे विद्यापीठ मिळाले ते 1 ऑगस्ट 2004 रोजी. त्याआधी येथील विद्यार्थी 1962 पासून कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे, त्याआधी 1949 पासून पुण्याचे आणि त्याहूनही आधी मुंबईचे. एका जिल्ह्यापुरते कसले विद्यापीठ, अशी चेष्टा आम्ही पुष्कळदा ऐकली आहे. ती करणाऱ्यांना गुणपत्रिकेतील एका अक्षराच्या दुरुस्तीसाठी कोल्हापूर गाठावे लागले नसावे. ज्या घरात एक दिवसाची मजुरी बुडणे म्हणजे संध्याकाळची चूल बुडणे, त्या घराला पुणे रस्त्यावरचे केगाव आणि कोल्हापूर यांतला फरक समजावून सांगावा लागत नाही.

पहिल्या दिवशी आम्ही वर्गात शिरलो तेव्हा मुले उठून उभी राहिली. त्यांना वाटले, नवे प्राध्यापक आले. आम्ही शेवटच्या बाकावर जाऊन बसलो तेव्हा जो हशा पिकला, त्याने आमचा संकोच कायमचा गेला. शिकविणारे प्राध्यापक आमच्याहून वयाने लहान. हजेरी घेताना आमच्या नावापाशी ते क्षणभर थबकत, मग 'फादर' म्हणून पुढे जात.

सेमिनरीत घंटेवर उठायचे, घंटेवर जेवायचे आणि घंटेवर गप्प व्हायचे. येथे तास संपल्याची घंटा झाली तरी वाद संपत नसे. वर्गातील निम्म्या मुलांची घरची भाषा मराठी नव्हती. कोणाच्या घरी तेलुगू, कोणाच्या कन्नड, दोघींच्या उर्दू. डब्यांत मात्र कडक भाकरी आणि शेंगाचटणी सर्वांची एकच. जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा आली की वर्ग रिकामा होई. नंदीध्वजांच्या मिरवणुकीत कोण कोठे चालले, याची चर्चा पुढे आठवडाभर पुरे. एकदा मुलांनी आम्हालाही ओढून नेले. तो दिवस आमच्या हजेरीपटावर कोरा आहे आणि त्याचे आम्हाला यत्किंचितही दुःख नाही.

बाबा पदमनजींचे 1857 सालचे 'यमुनापर्यटन', लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' ही पुस्तके आम्ही पूर्वी वाचली होती ती आपल्या माणसांची म्हणून. येथे ती मराठीची म्हणून वाचली, आणि आमचे कौतुक कमी न होता उलट वाढले. पण खरा दिवस 'ख्रिस्तपुराणा'चा. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट 1579 साली गोव्यात आला, येथील भाषा शिकला आणि त्याने ओवीत रचलेले हे पुराण 1616 साली रोमन लिपीत छापले गेले. पुढे 1907 साली मंगळूरला जोसेफ साल्ढाणा यांनी त्याची आवृत्ती काढली. प्राध्यापकांनी ओव्या वाचण्यास आम्हालाच सांगितले. आम्ही प्रवचनाच्या सुरात वाचल्या. मग तेलुगूभाषक घरातील एका मुलीने त्याच ओव्या वाचल्या, आणि त्या ओव्यांना गळा असतो हे आम्हाला प्रथमच उमगले. 'फादर, त्यालाही मराठी शिकूनच आलं ना, माझ्यासारखं?' असे तिने खाली बसताना विचारले. चार शतकांपूर्वीच्या त्या धर्मगुरूला इतके नेमके दाद देणारे दुसरे कोणी आम्हाला भेटलेले नाही.

ती मुलगी कुंभारीच्या विडी कामगार वसाहतीत राहते. आई विड्या वळते. पाने भिजवून, कापून, दिवसाला हजाराचा आकडा गाठण्याची धडपड करायची आणि माल ब्रँचवर पोहोचवायचा. सकाळी आईला हात लावून मगच ती कॉलेजला येई. वर्गातील सर्वांत चांगल्या टिपणवह्या तिच्या. चौथ्या सत्राच्या सुरुवातीला आईची कंबर धरली, आणि सूप लेकीच्या मांडीवर आले. परीक्षेला ती बसली नाही.

निकालानंतर आम्ही दोन वर्गमैत्रिणींसह तिच्या घरी गेलो. फीचे पाहता येईल, असे आम्ही म्हणालो. आई अंथरुणावरूनच म्हणाली, 'परीक्षा पुढच्या सालीबी येतीय, फादर. हे काम एकदा गेलं तर कोण देणार?' त्यावर आम्हाला उत्तर सुचले नाही. प्रवचनात अशा वेळी सांगावयाची वाक्ये आम्हास पाठ आहेत. त्या खोलीत त्यांतले एकही जिभेवर आले नाही. मुलीने चहा केला, आमचे गुण विचारले आणि व्याकरणाच्या पेपरात आम्हाला तिच्या नेहमीच्या गुणांहून कमी मिळाल्याचे ऐकून ती मनापासून हसली.

राहिलेले पेपर नंतर देता येतात. विद्यापीठाची तशी सोय आहे. चौथ्या सत्राची आमची सारी टिपणे आम्ही तिच्याकडे ठेवून आलो. परवा वसाहतीतील एक रिक्षावाले धर्मग्रामाच्या दारात येऊन चिठ्ठी देऊन गेले. भाषाविज्ञानाच्या वहीतील सातवे पान लागत नाही, अक्षर फार वाईट आहे, कृपया स्वच्छ लिहून पाठवावे, असे तीत लिहिले होते. ते पान आम्ही कालच पुन्हा लिहून काढले.