अंगावर काढलेलं

निपाणीला आमच्या माहेरच्या गल्लीत भिंतींनासुद्धा तंबाखूचा वास असायचा. मावशी वखारीत कामाला होती. संध्याकाळी ती येऊन पदर झाडायची आणि आम्ही पोरं शिंकत पळायचो. पाळी जाऊन सात-आठ वर्षं झाल्यावर तिला पुन्हा डाग दिसू लागले. ‘उष्णता झालीया,’ म्हणून ती धन्या-जिऱ्याचं पाणी पीत राहिली. कुणाला सांगणार, आणि कुठल्या शब्दांत? ‘अंगावरून जातंय’ याच्यापुढे आमच्या घरात शब्दच नव्हता. दीड वर्ष तिनं ते अंगावर काढलं. मिरजेला नेलं तेव्हा कॅन्सर गर्भाशयाच्या तोंडापासून पार बाहेर पसरलेला. १९९४ च्या पावसाळ्यात ती गेली.

गेल्या वर्षी बेळगावात मी तपासणी करून घेतली ती काही तिच्या आठवणीनं नव्हे. जाऊबाईंना सोबत म्हणून गेले होते, बसल्या बसल्या माझीही झाली. कागदावर कन्नडमध्ये ‘गर्भकंठ’ लिहिलं होतं. आपण गर्भाशयमुख म्हणतो. एक भाषा त्या जागेला गळा म्हणते, दुसरी तोंड. पाट्यांवरच्या अक्षरांसाठी सीमाभागात आपण एवढे भांडलो, पण हे नाव दोन्हीकडच्या बायका मोठ्यानं उच्चारत नाहीत.

जाऊबाई सुटल्या. माझ्यात एचपीव्ही हा विषाणू निघाला. शेजारी आकडा होता: एकच्या वर म्हणजे विषाणू आहे, माझा दोनशेच्या वर. मी जन्मभर शाळेत गणित शिकवलं. दोनशे म्हणजे दोनशेपट मरण, असं त्रैराशिक रात्रभर मांडत बसले. हा विषाणू शरीरसंबंधातून येतो हेही वाचलं होतं. शेजारी हे घोरत होते. मनात आणखी एक हिशेब चालू होता, तो इथं लिहीत नाही.

डॉक्टरीणबाई धारवाडकडच्या. मराठी बोलता बोलता त्या कन्नडमध्ये घसरतात. आकड्यावर बोट ठेवून म्हणाल्या, “एष्ट ऐती अल्री, एष्ट दिनदिंद ऐती.” किती आहे ते नाही हो, किती दिवसांपासून आहे ते बघायचं.

मग त्यांनी मला विद्यार्थिनीसारखं समजावलं. ब्रशला पेशी जास्त लागल्या तरी आकडा फुगतो. साध्या, आपोआप बऱ्या होणाऱ्या संसर्गातही विषाणू भरमसाट वाढतो. उलट कॅन्सर झालेल्या पेशीत तो आपल्या गुणसूत्रात शिरून बसलेला असतो, तिथं त्याची संख्या थोडीही असू शकते. सोळा नंबरच्या जातीचं प्रमाण जास्त असेल तर पुढचा धोका वाढतो, असं स्वीडनच्या संशोधकांनी २००० साली जुन्या जपलेल्या नमुन्यांवरून दाखवलं होतं. पण सगळ्या जातींना तो नियम लागू पडत नाही. बहुतेकींच्या अंगातून विषाणू एक-दोन वर्षांत निघून जातो. ठाण मांडून बसला तर घात करतो, तोही वर्षानुवर्षांनी. आणि तो कधी, कुणाकडून आला हे आता कुणालाच सांगता येणार नाही. हे शेवटचं वाक्य त्यांनी माझ्या तोंडाकडे बघून सांगितलं. माझा तो दुसरा हिशेब तिथंच मिटला.

बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयाची गोष्टही त्यांनीच सांगितली. १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, आताच्या धाराशिवमध्ये, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांना या अभ्यासात घेतलं. त्यातल्या एका गटाची एचपीव्ही तपासणी झाली, तीही एकदाच. तिथंही आकडा किती मोठा हे कुणी विचारलं नाही. विषाणू आहे की नाही एवढं पाहून पुढचे उपचार केले. आठ वर्षांत त्या गटात या कॅन्सरनं ३४ बायका गेल्या. नेहमीसारख्या सोडलेल्या, संख्येनं थोड्या कमीच असलेल्या गटात ६४. २००९ साली हे प्रसिद्ध झालं. मी गणितवाली, या दोन आकड्यांपुढे माझा दोनशे मला पोरकट वाटला. त्या चौसष्टांतली प्रत्येक बाई मला मावशीसारखी दिसते.

माझी दुर्बिणीतून तपासणी झाली. व्हिनेगरसारखं औषध लावलं, पांढरा डाग उठला नाही. वर्षानं परत या म्हणाल्या.

ते वर्ष आता भरतंय. मावशीची मुलगी निपाणीला विड्या वळते. तिला सोबत चल म्हटलं तर म्हणाली, “मला काय झालंय? एक दिवस ग्येला म्हंजे हजार विड्या बुडतील.” मी आईचं नाव काढलं नाही. तिनंच थोड्या वेळानं काढलं. भाऊबीजेनंतरच्या सोमवारी एस्टीनं ती बेळगावला येणार आहे. फोन ठेवता ठेवता तिनं हळूच विचारलं, “अक्का, लई दुखतंय का गं?”