चोरपावलांनी येणारा समुद्र

लक्षद्वीपची बेटं प्रवाळाची. भोवतीचं पाणी उथळ, म्हणून मोठं प्रवासी जहाज बाहेर खोल समुद्रातच थांबतं आणि माणसांना होडीतून किनाऱ्यावर नेतात. एप्रिलमध्ये आम्ही गेलो, तेव्हा ७० वर्षांच्या सासूबाई पहाटेच तयार होऊन बसल्या होत्या. अन् घोषणा झाली, ‘‘आज उतरता येणार नाही.’’

ऊन लख्ख, वारा मंद! प्रवासी चिडले. एका खलाशाने सासूबाईंना कठड्यापाशी नेलं. ‘‘आजी, खाली बघा.’’ होडी क्षणात जहाजाच्या दाराशी येई, क्षणात पुरुषभर खाली जाई. जहाज मात्र जवळजवळ स्थिर.

इथल्या वाऱ्याने उठलेल्या लाटा असतील, तर कप्तान जहाज आडवं धरून होडीला आडोसा देतो. पण दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळांच्या लांब लाटा हजारो किलोमीटर चालत येतात आणि जहाजाला वळसा घालून आडोशातही शिरतात. केरळचे मच्छीमार अशा समुद्राला ‘कल्लक्कडल’, म्हणजे चोर समुद्र म्हणतात. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था त्याचा इशारा देते. शिवाय कप्तानाला परतीचाही विचार करावा लागतो. सकाळी उतरलेली माणसं संध्याकाळी परत चढवता आली पाहिजेत.

सासूबाई म्हणाल्या, ‘‘जिन्याची पायरी जागेवर असते, तरी मी कठडा धरते. इथे तर पायरीच पळतेय गं!’’

आता कुणी अशा सहलीला निघालं, की मी एवढंच सांगते, घरच्या म्हाताऱ्यांना ‘बेट दाखवू’ असं वचन देऊ नका. ‘समुद्राने उतरू दिलं तर’ म्हणा.