हापसा बंद पडतो तेव्हा

शाळेत ‘विज्ञान : शाप की वरदान’ या विषयावर निबंध लिहिलेली मुलं महाविद्यालयात आली, की तोच विषय ‘तंत्रज्ञानाचे समाजावरील परिणाम’ या नावाने प्रकल्प म्हणून त्यांच्यापुढे येतो. मग प्रश्नावली तयार होते, गावातल्या पन्नास घरांतून ती भरून आणली जाते, टक्केवारी काढली जाते, आणि ‘फायदे जास्त, तोटे कमी’ असा निष्कर्ष निघतो. मुलांच्या कष्टात कसूर नसते. चूक आखणीत असते. या शीर्षकातच गृहीत धरलेलं असतं, की तंत्रज्ञान बाहेरून तयार होऊन येतं आणि समाजावर आदळतं. एकदा असं मानलं की मोजण्यासारखं फक्त आदळण्याचं प्रमाण उरतं. विज्ञान, तंत्रज्ञान आणि समाज यांचा प्रकल्प आखायचा तर एका जागचं एकच साधन घ्यावं, आणि पहिला प्रश्न असा विचारावा : हे बंद पडतं तेव्हा काय होतं? चालू यंत्राकडे कुणी बघत नाही. ते थांबलं, की त्याच्याभोवतीची माणसं, पैसा, अधिकार आणि विज्ञान सगळं एकदम दिसू लागतं.

खेड्यातला हापसा याला उत्तम उदाहरण आहे, आणि त्याची मुळं महाराष्ट्रातच आहेत. आपला बहुतेक मुलूख बेसाल्टचा. पाणी असतं ते खडकाच्या भेगांत आणि झिजलेल्या थरांत. साठच्या दशकातल्या टंचाईत आणि पुढे १९७२च्या दुष्काळात कठीण खडक फोडणारी यंत्रं आली, खोल बोअर झाले, पण त्यांवर बसवलेले बिडाचे पंप टिकेनात. ते घडवले होते एखाद्या कुटुंबाच्या वापरासाठी. इथे सगळी वस्ती दिवसभर दांडा मारत होती. बोअर खोदून पाणी मिळालं आणि पंप मोडल्यामुळे ते पुन्हा हातचं गेलं, असं गावोगाव झालं. यावरची पहिली उत्तरं ख्रिस्ती मिशनच्या जालना आणि सोलापूर इथल्या कामांतून निघाली. सोलापूरच्या पंपात दांड्याला साखळी जोडून आणि बंदिस्त बेअरिंग वापरून झीज कमी केलेली होती. युनिसेफ, केंद्र सरकार आणि कारखानदार यांनी सत्तरच्या दशकात याच पंपावर पुढे काम केलं आणि ‘इंडिया मार्क टू’ घडला. त्याच्या आराखड्यावर कुणाचं पेटंट नव्हतं. त्यामुळे अनेक कारखान्यांनी तो बनवला, भारतीय मानक संस्थेने त्याचं मानक ठरवलं, आणि तो आफ्रिकेतल्या देशांतही पोचला. म्हणजे गावातल्या माणसांनी पंप कसा वापरला, यानेच पंपाचा आकार ठरवला. समाज इथे परिणाम झेलणारा नाही, घडवणारा आहे.

खरी शिकवण मात्र दुरुस्तीत आहे. मार्क टू क्वचित बिघडतो. पण खालच्या सिलिंडरातलं वायसर झिजलं, तर सगळे लोखंडी पाईप वर ओढावे लागतात. त्याला तिकाटणं, खास पाने आणि चार-पाच माणसं हवीत. म्हणून दुरुस्ती तालुक्याच्या पथकाकडे गेली, आणि गावाच्या हाती अर्ज करून वाट पाहणं उरलं. पुढे आलेल्या मार्क थ्रीमध्ये पाईप रुंद केला गेला, त्यामुळे दट्ट्या आणि झडप पाईप न काढता वर येऊ लागली. त्याची किंमत वाढली, पाईपही जड झाले, पण नेहमीची दुरुस्ती गावातल्या माणसाला, बाईलाही, करता येईल अशी झाली. पाईपाचा व्यास किती ठेवायचा हा अभियांत्रिकीचा निर्णय आहे, आणि पंपावर हुकूम कुणाचा चालणार हेही त्याच निर्णयात ठरतं. मारियन द लाएट आणि ॲनमरी मॉल यांनी २००० साली झिंबाब्वेच्या बुश पंपावर लिहिलेला लेख याच वाटेने जातो : पंप कुठे संपतो आणि गाव कुठे सुरू होतं, ही रेघच त्यांना पक्की आखता येत नाही. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याने आणि यंत्र अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने एकत्र बसून वाचावा असा तो लेख आहे.

आखणी आता ‘बंद पडतं तेव्हा काय होतं’ या सुरुवातीच्याच प्रश्नातून उतरते. ‘हापशामुळे सोय झाली का?’ असं विचारलं तर सगळे ‘झाली’ म्हणतात, आणि हातात काही येत नाही. त्याऐवजी विचारावं : शेवटचा कधी बंद पडला, कुणी कळवलं, कुणाला कळवलं, माणूस किती दिवसांनी आला, तोवर पाणी कुठून आणलं आणि कुणी आणलं. शेवटच्या दोन प्रश्नांत गावाचा खरा नकाशा उघडतो. कुणी शेजारच्या मळ्यातल्या विहिरीवर जातं, कुणाला तिथे जाता येत नाही; महाडला १९२७ साली चवदार तळ्यावर दलितांच्या पाण्याच्या हक्काचा जो प्रश्न उभा राहिला, त्याचा माग बंद हापशापाशी आजही काढता येतो. पाणी भरणाऱ्या बाईशी घरातल्या पुरुषांच्या गराड्यात बोलू नये. तिला तारीख आठवणार नाही, पण आखाजीच्या आधी की पोळ्यानंतर हे नेमकं आठवेल. ती आठवण ग्रामपंचायतीच्या खर्चाशी आणि पंचायत समितीच्या दुरुस्तीच्या नोंदींशी ताडून बघावी. तिन्ही जुळत नसतील तर घाबरू नये, न जुळणं हाच निष्कर्ष असू शकतो. प्रकल्प बहुधा हिवाळ्यात होतात आणि टंचाई एप्रिलमध्ये असते, म्हणून विहिरींच्या पातळीच्या आकड्यांसाठी भूजल सर्वेक्षण यंत्रणेकडे पहिल्याच आठवड्यात अर्ज करावा.

यावर आक्षेप येतो, की एका हापशावरून समाजाबद्दल काय सांगणार? राज्यभरातलं प्रमाण सांगता येणार नाही, हे खरं. पण पन्नास घरांच्या प्रश्नावलीतूनही ते सांगता येत नाही, फक्त तसा भास होतो. एका साधनाचा धागा धरला तर कारणं हाती लागतात. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : यात विज्ञान मागे पडतं. आखणी ढिली असेल तर पडतंच. म्हणून बादली आणि घड्याळ घेऊन पाण्याचा विसर्ग मोजणं, दांड्याचे किती फटके वाया जातात ते पाहणं, हे मुलाखतींइतकंच सक्तीचं हवं. पंप ठीक असून पाणी येत नसेल, तर बिघाड जमिनीखाली आहे. आजूबाजूला उपशाचे बोअर किती, हे मग मोजावं लागतं. सार्वजनिक पाणवठ्यापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर नको, असं राज्याच्या १९९३च्या भूजल कायद्याने ठरवलं होतं. ते अंतर टेप घेऊन मोजणारा विद्यार्थी भूशास्त्र आणि कायदा एकाच दुपारी शिकतो.

हापसा जुना झाला, आता घरोघर नळ आले, असंही म्हटलं जातं. २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनचं उद्दिष्ट माणशी रोज ५५ लिटर पाण्याचं आहे. पण नळ बंद पडण्याची कारणं हापशाहून जास्त : थकलेलं वीजबिल, जळालेली मोटर, पगार न मिळालेला पाणी सोडणारा. नळाला पाणी नसलेल्या दिवशी बायका कुठे जातात, हे विचारलं तर बऱ्याच गावांत बोट पुन्हा त्या जुन्या हापशाकडे जाईल. तो चालू आहे का, आणि नळ आल्यावर त्याच्या दुरुस्तीचा खर्च कुणी बंद केला, इथून पुढच्या तुकडीचा प्रकल्प सुरू करता येतो.