झाकली मूठ

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत करणारे अण्णा गेल्या उन्हाळ्यात दोन महिन्यांसाठी अमेरिकेस गेले, तेव्हा पेढीवर व मंदिरात एकच कारण सांगण्यात आले: सिएटलला मुलाकडे, नातवाला खेळवायला. खरे कारण पत्नी व मुलगा यांनाच ठाऊक होते. गावात ते कागदावर एकदाच उमटले. परदेशी रक्कम पाठविण्याचा बँकेचा फॉर्म भरताना हेतूच्या रकान्यात अण्णांनी 'वैद्यकीय उपचार' असे लिहिले. बँकेस खोटे लिहून देणे त्यांच्या स्वभावात नव्हते.

वय ६७. फेब्रुवारीत पीएसए वाढलेला आढळला आणि बायॉप्सीत प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग निष्पन्न झाला. सुदैवाने तो ग्रंथीबाहेर पसरला नव्हता. शस्त्रक्रिया, बाहेरून किरणोपचार, किंवा ग्रंथीतच किरणोत्सर्गी कण ठेवणारी ब्रॅकीथेरपी, असे मार्ग डॉक्टरांनी समोर ठेवले. अंतर्गत किरणोपचार मुंबईतही होतात. तरीही अण्णांनी परदेश निवडला. मुलगा तेथे होता आणि सिएटलच्या डॉक्टरांना या पद्धतीचा १९८० च्या दशकापासून अनुभव होता, ही कारणे खरीच. पण मोठे कारण निराळे होते. मुंबईच्या रुग्णालयात कोणी ना कोणी ओळखीचे भेटणारच. वार्ता यार्डात पोहोचली तर पेढीची पत डळमळेल, अशी धास्ती होती. आणि आजारही असा, की चारचौघांत नाव घेणे अवघड.

उपचार फार वेळेचा नव्हता. भूल देऊन, सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत, बारीक सुयांतून तांदळाच्या दाण्याहून लहान असे आयोडीन-१२५ चे कण ग्रंथीत ठेवण्यात आले. ते कायमचे आतच राहतात. त्यांची शक्ती मात्र सुमारे ६० दिवसांनी निम्मी, पुढील ६० दिवसांनी त्याच्या निम्मी होत जाते. घटत्या शिल्लक पद्धतीने घसारा काढणाऱ्या व्यापाऱ्यास हे समजावून सांगावे लागले नाही. लघवीची जळजळ काही आठवडे राहिली. जूनमध्ये तेथे सूर्य रात्री नऊनंतर मावळतो, त्यामुळे रात्रिभोजनत्यागाचा नियमही पाळता आला.

जड गेले ते वेगळेच. दोन महिने लहान मुलास मांडीवर घेऊ नका, असे डॉक्टरांनी बजावले होते. तीन वर्षांचा नातू धावत येई आणि अण्णा त्याला हातभर अंतरावर थांबवीत. ज्याच्या नावाने आले, त्यालाच जवळ घेता येईना. विमानतळावरील किरणमापक यंत्र वाजल्यास दाखवायचे कार्ड खिशात ठेवून ते परतले.

भाद्रपदात, क्षमावाणीच्या दिवशी, धाकट्या बंधूंसमोर हात जोडताना अण्णांनी सारे सांगितले. बंधू बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "अण्णा, मलाही वर्षभर रात्री चार-पाच वेळा उठावे लागते. तुम्हाला कसे सांगायचे, म्हणून राहून गेले."

अण्णा सुन्न झाले. सख्ख्या भावाला हा आजार असला की दुसऱ्याचा धोका वाढतो, तेव्हा भावाची तपासणी करून घ्या, असे डॉक्टरांनी फेब्रुवारीतच सांगितले होते. ते वाक्य त्यांनी सात महिने मनात झाकून ठेवले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघे मिळून रक्त तपासायला गेले. बंधूंचा पीएसए मर्यादेत निघाला. त्रास वयोमानाने ग्रंथी वाढल्याचा होता. त्यानंतर अण्णांनी यार्डातील साठीपुढच्या मित्रांना आपण होऊन सर्व हकीकत सांगितली. त्यांपैकी दोघांनी तपासणी करून घेतली. पेढीची पत होती तेथेच आहे.