नावे आणि उन्हाळे

वैशाखातली दुपार आणि घरात बारा दिवसांचे बाळ, एवढी सामग्री जमली की मराठी घरात दोन विषयांवर चर्चा होणार, हे ठरलेलेच असते. पहिला विषय उन्हाचा आणि दुसरा बाळाच्या नावाचा. या दोन्ही विषयांत प्रत्येक माणूस जन्मतःच तज्ज्ञ असतो. उन्हाविषयी बोलण्यासाठी वेधशाळेत नोकरी करावी लागत नाही आणि नाव सुचविण्यासाठी व्याकरण यावे लागत नाही. गंमत अशी, की दोन्ही चर्चा कोठूनही सुरू झाल्या तरी शेवटी एकाच वाक्यापाशी येऊन थांबतात. ते वाक्य बहुधा घरातील सर्वांत वडीलधारी व्यक्ती उच्चारते : “आमच्या वेळी असे नव्हते!”

‘आमच्या वेळी’ हा मोठा सोयीचा काळ आहे. तो कोणत्याही पंचांगात सापडत नाही. बोलणाऱ्याच्या वयाप्रमाणे तो मागेपुढे सरकतो. आजीच्या तोंडी तो कंदिलाचा आणि रहाटाचा काळ असतो. तिच्या मुलाच्या तोंडी तो भाड्याच्या सायकलीचा आणि दूरदर्शनवरील रविवारच्या चित्रपटाचा काळ होतो. आता तर पंचविशीतला नातूही “आमच्या लहानपणी” असे म्हणून सुस्कारा सोडतो, तेव्हा आजीला हसू आवरत नाही. काळ कोणताही असो, त्यातला उन्हाळा मात्र नेहमीच सौम्य असतो आणि त्यातली नावे नेहमीच गोड असतात.

त्या जुन्या उन्हाळ्याचे वर्णन ऐकताना तोंडाला पाणी सुटते. मातीच्या जाड भिंती, शेणाने सारवलेली गार जमीन, दारावर पाणी शिंपडलेला वाळ्याचा पडदा, ओल्या फडक्याने वेढलेला माठ, कैरीचे पन्हे, कोकमाचे सरबत आणि आढीत पिकणाऱ्या आंब्यांचा घरभर दरवळणारा वास! अंगणात कुरडया, पापड आणि सांडगे यांचे वाळवण पसरलेले असे. कावळ्यांपासून त्याचे रक्षण करण्याचे काम मुलांकडे सोपविलेले असे. सायंकाळपर्यंत वाळवण निम्म्यावर येई. पण त्याचा दोष कावळ्यांच्याच माथी मारला जाई. रात्री गच्चीवर किंवा अंगणात अंथरुणे पडत आणि चांदण्या मोजता मोजता डोळा लागे.

हे सारे खरेच होते. मातीच्या माठातून पाणी झिरपते, त्याची वाफ होते आणि ती जाताना आतल्या पाण्याची उष्णता सोबत नेते. जाड भिंतीतून दुपारचे ऊन आत पोहोचेपर्यंत संध्याकाळ होते. त्या घरांना वीज ठाऊक नव्हती, पण वारा आणि सावली यांची पारख होती. तरीही आठवण ही हिशेबाची वही नव्हे. ती जमेची बाजू नीट लिहिते आणि खर्चाची बाजू कोरी सोडते. त्याच उन्हाळ्यात घरातल्या बायका धुराने भरलेल्या स्वयंपाकघरात चुलीपुढे बसलेल्या असत. विहिरी आटत आणि पाण्यासाठी कोस दोन कोस पायपीट करावी लागे. त्या उन्हाळ्याचे गोडवे गाणाऱ्यांत डोक्यावर दोन आणि कमरेवर एक अशी घागर वाहणारी बाई क्वचितच आढळते.

ऊन वाढले की नाही, या वादात पारा मात्र कोणाची भीड धरत नाही. पुण्यात शिवाजीनगरला वेधशाळेची जुनी दगडी इमारत आहे. तिला पुणेकर ‘सिमला ऑफिस’ या थंडगार नावाने ओळखतात. कारण हवामान खात्याचे मुख्य कार्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यास आले. नाव थंड असले म्हणून चौकातले ऊन कमी होत नाही, हा भाग निराळा. या खात्याचा तापमापक पांढऱ्या रंगाच्या, झडपांच्या लाकडी पेटीत, म्हणजे सावलीत ठेवलेला असतो. त्यामुळे वर्तमानपत्रात छापून येणारे ४४ अंश हे सावलीतले असतात. उन्हात उभ्या असलेल्या माणसाला त्याहून अधिक ताप सोसावा लागतो. या खात्याच्या १९०१ पासूनच्या नोंदींत २०२४ हे देशातील तोपर्यंतचे सर्वांत उष्ण वर्ष ठरले. म्हणजे आजीचे म्हणणे पुरते खोटे नाही. तिच्या लहानपणीचा उन्हाळा तिला आठवतो तितका शीतल नव्हता. पण आजच्याइतका तापलेलाही नव्हता.

उन्हाच्या वादात निदान पारा तरी मध्यस्थ असतो. नावाच्या वादात तोही नसतो. शाळेची जुनी हजेरीपुस्तके एकापुढे एक मांडली, तर वर्षांचे आकडे न पाहताही काळ ओळखता येतो. सर्वांत जुन्या पानांवर यमुना, गोदावरी, भागीरथी, काशी आणि द्वारका भेटतात. जणू वर्गात नद्या आणि तीर्थक्षेत्रेच मांडी घालून बसली आहेत. पुढील पानांवर कुसुम, मालती आणि कमल यांची बाग फुलते. मग मंगला, सुनंदा आणि शोभा येतात. त्यांच्यामागून मनीषा, स्वाती आणि वैशाली. आणि अलीकडे आर्या, अनन्या व स्वरा. मुलांच्या बाजूलाही असेच घडते. पांडुरंग आणि तुकाराम यांच्या जागी सुधाकर व मधुकर येतात, त्यांना संजय व विजय बाजूला सारतात, पुढे सचिन व अमोल यांची गर्दी होते आणि आता विहान व अद्वैत हजेरी देतात. प्रत्येक पिढीला वाटते, की आपण अगदी आगळे नाव शोधून काढले. शाळेच्या पहिल्या दिवशी बाईंनी ते नाव पुकारताच वर्गातून तीन हात वर होतात.

नव्या नावाला अर्थच नाही, अशी आजीची तक्रार असते. पण नावाचा खरा अर्थ कोशात नसून हाकेत असतो. आंब्याचेच पाहावे. ‘हापूस’ हा शब्द आफोन्सो द आल्बुकर्क या पोर्तुगीज गव्हर्नराच्या नावावरून आला, असे सांगतात. आज रसाची वाटी पुढे ओढताना त्या गव्हर्नराची आठवण कोणालाही होत नाही. परक्या नावाला कोकणच्या मातीने आपलेसे केले. तसेच दहा वर्षे प्रेमाने हाक मारली, की कोणतेही नवे नाव घरचे होऊन जाते.

नावे ठेवताना मराठी माणसाने ऋतूंनाही सोडले नाही. वसंत, शरद, हेमंत आणि शिशिर ही नावे घरोघरी आहेत आणि वर्षा तर सर्वांची लाडकी. सहा ऋतूंपैकी पाच ऋतू असे पाळण्यात जाऊन झोपले. बाहेर राहिला तो बिचारा ग्रीष्म! मुलाचे नाव ‘ग्रीष्म’ ठेवण्याचे धाडस सहसा कोणी करत नाही. अलीकडे एखादी ग्रीष्मा भेटते, पण तेवढ्याने त्याची उपेक्षा भरून निघत नाही. याच माणसांना सूर्याचे मात्र वावडे नाही. भास्कर, दिनकर, प्रभाकर, दिवाकर, सविता आणि आदित्य ही सारी त्याचीच नावे. दुपारी सूर्याच्या नावाने बोटे मोडायची आणि संध्याकाळी त्याचेच नाव बाळाला द्यायचे! शिवाय ग्रीष्मही मागच्या दाराने घरात शिरलाच आहे. मे महिन्याच्या २५ तारखेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात जातो आणि विदर्भात ज्याला नवतपा म्हणतात ते कडक उन्हाचे नऊ दिवस सुरू होतात. तरीही ‘रोहिणी’ या नावाच्या मुली गल्लोगल्ली आहेत आणि त्यांतील कोणाचेही नाव उच्चारताना चटका बसत नाही.

मात्र ‘जुनी नावे किती गोड’ असे म्हणताना थोडे थांबावे लागते. मुले जगत नसत, त्या काळी आईबाप बाळाला मुद्दाम धोंडू, दगडू किंवा केरू म्हणत. दगडाकडे आणि केराकडे मृत्यूचे लक्ष जाणार नाही, एवढीच त्यामागची भाबडी आशा होती. त्या ओबडधोबड नावांत फार मोठी माया दडलेली होती. पण ‘नकुशी’ या नावात माया नव्हती. मुलगा हवा असताना मुलगी झाली, म्हणून तिला हे नाव मिळे. आणि शाळेत, बाजारात, देवळात ‘नको असलेली’ हीच तिची ओळख होई. सातारा जिल्ह्यात २०११ च्या ऑक्टोबर महिन्यात अशा पावणेतीनशेहून अधिक मुलींचा सामूहिक नामकरण समारंभ झाला. अनेकींनी आपले नाव स्वतः निवडले. बारशाच्या दिवशी बाळाला बोलता येत नाही. या मुलींना बोलता येत होते, एवढाच काय तो फरक.

विवाहात नाव बदलण्याची रीतही अशीच जुनी. ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीने वधूचे नवे नाव लिहिले जाई आणि माहेरचे नाव उंबऱ्याबाहेर राही. कल्याणच्या एका यमुनेचे नाव लग्नानंतर आनंदी झाले. १८८६ मध्ये अमेरिकेत वैद्यकीय पदवी मिळविणाऱ्या डॉ. आनंदीबाई जोशी त्या याच. कुर्लेकरांच्या घरची दुसरी एक यमुना न्यायमूर्ती रानड्यांच्या घरी येऊन रमा झाली आणि रमाबाई रानडे म्हणून स्त्रीशिक्षणाच्या कार्यात अग्रभागी राहिली. इतिहासाने आनंदी आणि रमा यांना लक्षात ठेवले. दोन्ही यमुना मात्र माहेरीच हरवल्या. काही नावे याउलट प्रेमाने अमर होतात. विष्णु वामन शिरवाडकर यांनी ‘कुसुमाग्रज’ हे टोपणनाव घेतले. त्याचा अर्थ कुसुमचा थोरला भाऊ. भावाने कवितेखाली सही केली आणि बहिणीचे नाव महाराष्ट्रभर पोहोचले.

एवढे भाग्य घरातल्या आजीच्या वाट्याला येत नाही. ती सर्वांची माई किंवा अक्का असते. शिधापत्रिका हाती पडेपर्यंत नातवंडांना तिचे खरे नाव ठाऊकच नसते. म्हणूनच आजकाल काही घरांत बारशाच्या आधी जुन्या कागदांचा शोध सुरू होतो. पणजीच्या काळातील मुक्ता, सई आणि रमा पुन्हा पाळण्यात येतात. गोदावरी व भागीरथी गेल्या असे वाटत असतानाच रेवा येते आणि मग कोणाच्या तरी ध्यानात येते, की रेवा म्हणजे नर्मदाच! नद्या परत येतात, फक्त थोड्या छोट्या नावांनी. महाराष्ट्र शासनानेही नावाच्या रचनेत एक चांगला बदल केला आहे. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळाच्या शासकीय कागदपत्रांवर त्याच्या नावानंतर प्रथम आईचे, मग वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव लिहिले जाते. ज्या बाईचे नाव एकेकाळी तांदळात पुसले जात असे, तिला बाळाच्या नावाशेजारी हक्काची जागा मिळाली. तीही भर मे महिन्यात!

माणूस ज्याची काळजी वाहतो, त्याला तो नाव देतो. समुद्रावरून येणाऱ्या चक्रीवादळांनासुद्धा नावे असतात. ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आदळलेल्या वादळाचे ‘निसर्ग’ हे नाव कोकण विसरणार नाही. नाव असले, की सूचना चटकन कानी पोहोचते आणि लक्षात राहते. उष्णतेच्या लाटांना मात्र आपल्या देशात नावे नाहीत. घराचे छप्पर न उडवता, झाड न पाडता त्या गुपचूप येतात आणि रस्त्यावरच्या हमालाला, शेतातल्या मजुराला व घरातल्या वृद्धाला गाठतात. ग्रीष्माला पाळण्यात घेतले नाही तरी चालेल. पण त्याला ओळखणे आता आवश्यक झाले आहे.

बाळाच्या कानात आत्या जे नाव सांगते, ते पुढची सत्तर-ऐंशी वर्षे चालायचे असते. एक दिवस तेही बाळ म्हातारे होईल आणि आपल्या नातवंडांना म्हणेल, “आमच्या वेळी असे नव्हते!” त्या वेळी त्याला कोणता उन्हाळा आठवेल, हे आजच्या मोठ्या माणसांवर अवलंबून आहे. आजीचे नाव नातीला देता येते. त्याला एक गोड हाक पुरते. आजीच्या अंगणातली सावली मात्र नुसत्या आठवणीने देता येत नाही. त्यासाठी बारशाच्या घुगऱ्या वाटून झाल्यावर, पहिला पाऊस पडला की, एक झाड लावावे लागते आणि बाळाबरोबर तेही वाढवावे लागते.