नातीचा पहिला प्रवास

ऊस कारखान्याला गेला, की आमच्या घराला पंधरा-वीस दिवस जरा निवांत मिळतात. 2024 च्या फेब्रुवारीत अशाच दिवसांत मुलाने विषय काढला, "आई, गणपतीपुळ्याला जाऊन येऊ. दोन रात्री राहू, समुद्र बघू." लग्नाला तीन वर्षं झाली तरी सूनबाईने समुद्र पाहिला नव्हता. मी तरी कुठे पाहिला होता? पण नात अवघी पाच महिन्यांची. "लेकराला दात येईपर्यंत गावाबाहेर काढायचं नाही," असं मी बजावलं. शेवटी मी बरोबर जायचं ठरलं, म्हणजे लेकराची काळजी नको. हे दुसरं कुणी म्हणालं नाही, मीच म्हणाले. घरधनी जनावरांसाठी मागे राहिले. म्हशींना कुठली आलीय सुट्टी!

मी चार दुपटी, कुंची, टोपडी, तेलाची बाटली, बाळगुटीचा डबा आणि सहाणसुद्धा बांधून घेतली. वर माझं चांदीचं बोंडलं. माझ्या पहिल्या बाळंतपणात आईने दिलेलं. त्यानेच दोन मुलं वाढवली. सूनबाईची एक कापडी पिशवी. तीत लंगोट, दोन झबली, लसीचं कार्ड आणि जुलाबावरच्या क्षार-साखरेच्या पुडीचं एक पाकीट. देवाला निघालोय की दवाखान्याला, असं माझ्या मनात आलं.

2023 पासून एस.टी.त बायकांना अर्धं तिकीट झालंय आणि लेकराला तर पाच वर्षांपर्यंत तिकीटच नाही. त्यामुळे खर्चाची ओरड नव्हती. वाटेत एका स्थानकावर लेकराला पाजायचं होतं. हल्ली बऱ्याच स्थानकांत त्यासाठी हिरकणी कक्ष असतो. तिथेही होता, पण दाराला कुलूप आणि किल्ली ज्याच्याकडे तो चहाला गेलेला. गोष्टीतली हिरकणी तान्ह्यासाठी रायगडाचा कडा उतरली म्हणतात; इथे एक कुलूप निघेना. मी शाल आडवी धरली आणि सूनबाईने बाकावरच पाजलं.

कोल्हापुराहून रत्नागिरीची गाडी धरली. आंबा घाटाच्या वळणांवर निम्मी गाडी ओकत होती. सूनबाईलाही गरगरलं, ती खिडकीला डोकं टेकून झोपली. नात मात्र माझ्या मांडीवर शांत. घाट उतरल्यावर गाडी चहाला थांबली. हवा एकदम दमट झाली होती. पोर जागी झाली आणि ओठ चाटू लागली. मला वाटलं, घसा सुकला असेल. मी बोंडलं काढलं, हॉटेलातल्या माठातलं पाणी घेतलं, चिमूटभर साखर घातली आणि चार-पाच घोट पाजले. ती मिटक्या मारीत पुन्हा झोपली. बोंडलं पदराने पुसून मी पिशवीत टाकलं आणि कुणाला बोलले नाही. सांगण्यासारखं काही आहे असं वाटलंच नाही. खरं सांगायचं तर एवढंच नव्हतं. सहा महिने पाण्याचा थेंबही द्यायचा नाही, असं आशाताईंनी माझ्यासमोरच सुनेला बजावलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी समुद्र पाहिला. सूनबाई पायरीवरच थबकली. "केवढा हो आत्या!" म्हणाली. (आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात.) गणपतीपुळ्याला डोंगरालाच देव मानतात, म्हणून प्रदक्षिणा डोंगराला घालायची. ती अर्धी झाली आणि नातीने दुपटं भरवलं. दर्शन होईतो पुन्हा. दुपारपर्यंत सात वेळा, पाण्यासारखं. रडणंही बारीक झालं.

मी दृष्ट काढायला मीठ-मिरच्या शोधायला गेले. परत येते तर सूनबाईने लॉजवाल्यांकडून पाणी उकळून घेतलं होतं. एक लिटरची बाटली भरून तिने पाकीट त्यात ओतलं आणि चमच्याने पाजायला बसली. मुलगा रिक्षा घेऊन आला.

डॉक्टरांनी पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, डोळे पाहिले, लघवी कधी झाली ते विचारलं. मग म्हणाले, "बाहेरचं काही दिलंत?"

"नाही, फक्त अंगावरचं," सून म्हणाली.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी पदर सारखा करीत होते.

त्यांनी सांगितलं, अंगावरचं दूध मुळीच थांबवू नका. दर जुलाबानंतर पाव ते अर्धा कप ते पाणी, पण चमच्या-चमच्याने. ओकली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा सावकाश. कालवलेलं पाणी एक दिवसानंतर ओतून द्यायचं. जस्ताची अर्धी गोळी आईच्या दुधात विरघळवून 14 दिवस. पोर मलूल झाली, पिईनाशी झाली, डोळे खोल गेले किंवा शौचात रक्त दिसलं, तर रात्र असो की पहाट, घेऊन या. जाता जाता म्हणाले, "आईच्या दुधात 100 भागांत 87-88 भाग पाणीच असतं. उन्हाळ्यातही वरचं पाणी लागत नाही."

ती रात्र आम्ही तिघं बसून काढली. बाहेर समुद्र वाजत होता आणि मला तो नकोसा झाला होता. पहाटे तीनच्या सुमाराला दुपटं ओलं लागलं. हात लावून पाहिलं तर लघवी. ओल्या दुपट्याचा एवढा आनंद मला कधी झाला नव्हता. त्याच वेळी मी सुनेला बोंडल्याचं सांगून टाकलं.

ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "आत्या, हे डॉक्टरांसमोर सांगायला पाहिजे होतं." एवढंच. ती चिडली असती तर मला सोपं गेलं असतं.

आम्ही एक दिवस उशिरा परतलो. घरी आल्यावर बोंडलं मी कपाटात तळाशी ठेवून दिलं. पुढच्या महिन्यात नातीला सहा महिने पूर्ण झाले. त्या दिवशी सूनबाईनेच ते मागून घेतलं, चांगलं खळखळून उकळलं आणि उकळून गार केलेलं पाणी त्यात ओतलं. मग पोरीला माझ्या मांडीवर ठेवून म्हणाली, "आत्या, आता पाजा."